फॉर्म्युला वन की ल माँ : चालक कुठे अधिक कळतो?

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक गाडीला एकच चालक असतो, त्यामुळे एखाद्यावर जीव जडला की त्याची पात्रता फेरी, टायर बदलण्याचे डावपेच आणि स्वतःच्याच संघातील सहकाऱ्याशी चाललेली त्याची चुरस हंगामभर नेमकेपणाने पाहता येते. शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असून बहुधा दोन तासांच्या आत आटोपते. नवख्या प्रेक्षकाने इथूनच सुरुवात करावी.

१९२३ मध्ये सुरू झालेली, फ्रान्समधील ल माँ या शहरातली २४ तासांची मोटार शर्यत मात्र प्रेक्षकाचीही चिकाटी पाहते. एक गाडी सहसा तीन चालक आळीपाळीने चालवतात, म्हणून यशापयशातील एकेकाचा वाटा चटकन वेगळा काढता येत नाही. तरीही मध्यरात्रीच्या अंधारात, कमी वेगाच्या वर्गातील गाड्यांमधून वाट काढत पुढे सरकताना चालकाचा संयम जितका स्पष्ट दिसतो, तितका तो दिवसाउजेडी क्वचितच दिसतो. २०१६ साली आघाडीवर असलेली काझुकी नाकाजिमा याची टोयोटा अखेरच्या काही मिनिटांत मंदावली आणि विजय पोर्शेकडे गेला. रात्रभर जागून ती शर्यत पाहणाऱ्यांना तो क्षण विसरणे शक्य नाही.

फर्नांडो अलोन्सोने तर दोन्हीकडे स्वतःला सिद्ध केले आहे. २००५ आणि २००६ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता ठरलेल्या या चालकाने २०१८ आणि २०१९ मध्ये टोयोटाच्या संघातून ल माँ जिंकली. वेग जोखायचा असेल तर फॉर्म्युला वन पुरेशी आहे, पण चालकाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर माझा कौल निःसंशय ल माँला आहे.