वाकवलेल्या दांड्याचे बर्फाचे फावडे: हंगामाआधीच्या ओल्या बर्फात कसे वाटले

हे फावडे घ्यायचे असेल, तर आपल्याकडे कोणत्या प्रकारचा बर्फ पडतो याचा विचार आधी करावा. भर हिवाळ्यातला कोरडा, भुसभुशीत बर्फ आणि झाडांची पाने गळण्याआधीच पडणारा ओला बर्फ यांना लागणारी अवजारे सारखी नसतात. गावाबाहेरच्या घरी हिवाळ्यापूर्वीची कामे उरकण्यासाठी ठेवलेल्या शनिवार-रविवारी अवेळी बर्फ पडला आणि या फावड्याची परीक्षा नेमकी दुसऱ्या प्रकारच्या बर्फात झाली. ढकलण्यासाठी ते उत्तम आहे आणि उचलण्यासाठी बरे आहे. खडीच्या वाटेवर मात्र ते आहे तसे वापरू नये, असे माझे मत झाले.

पाते ॲल्युमिनियमचे, सुमारे ४५ सेंटीमीटर रुंद आणि खालच्या कडेला पोलादी पट्टी बसवलेले आहे. दांडा मध्यावर वाकवलेला असल्यामुळे पाते जमिनीला टेकवताना कमरेत फारसे वाकावे लागत नाही, आणि हा फरक पहिल्या काही मिनिटांतच जाणवतो. मूठ इतकी रुंद आहे की जाड हातमोजे घालूनही पकड पक्की बसते. मात्र भरलेले फावडे उचलून बाजूला फेकताना हाच बाक आड येतो, कारण भार हाताच्या रेषेत राहत नाही आणि पाते एका अंगाला कलंडू पाहते.

ओल्या बर्फात हा दोष अधिक जाणवतो, कारण त्याचे वजन फसवे असते. नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरते, तर तापमान शून्याच्या आसपास असताना पडलेला ओला बर्फ २०० ते ३०० किलोंपर्यंत सहज जातो. म्हणजे पात्यावर १० लिटर बर्फ घेतला, तर कोरडा असताना तो एक किलोच्या आतबाहेर असेल आणि ओला असताना तीन किलोंपर्यंत जाईल. पाठीला हा फरक लगेच कळतो. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यात जोर लावताना आपण नकळत श्वास रोखतो आणि हृदयावरचा ताण वाढतो. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे आणि बाकीच्यांनीही बर्फ शक्यतो ढकलत न्यावा, उचलायचाच झाला तर पाते अर्धेच भरावे. ढकलण्याच्या कामात या फावड्याला माझ्याकडून पूर्ण गुण आहेत, कारण पात्याच्या वक्रतेमुळे बर्फ पुढे गुंडाळला जातो आणि वरून सांडत नाही.

ओला बर्फ ॲल्युमिनियमला चिकटतो, ही दुसरी अडचण. पात्याला दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासली की थर सुटून पडू लागतो, पण मेण झिजते आणि थोड्या वेळाने पुन्हा घासावे लागते. फावडे उबदार खोलीत ठेवू नये; गरम पात्यावर बर्फ आधी वितळतो, मग गोठून घट्ट बसतो.

सर्वांत मोठी तक्रार पोलादी पट्टीबद्दल आहे. हंगामाच्या सुरुवातीला जमीन गोठलेली नसते, त्यामुळे ही पट्टी थेट मातीत आणि खडीत रुतते, प्रत्येक झटका मनगटापर्यंत येतो आणि बर्फाबरोबर ओंजळभर खडे गवतावर जाऊन पडतात. यावर एक उपाय चांगला लागू पडला: प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा लांबीच्या दिशेने चिरून तो कडेवर घट्ट बसवला, तेव्हा पाते खडीवरून घसरत गेले आणि तळाशी बोटभर बर्फ राहू देऊन वाट मोकळी झाली. निर्मात्यांनी असे आवरण सोबतच द्यायला हवे. पडवीच्या लाकडी फळ्यांवर फावडे फळीच्या लांबीच्या दिशेनेच चालवावे, नाहीतर पट्टी सांध्यात अडकून ढलप्या काढते.

बाकीच्या कामांत फावड्याचा उपयोग कमी-जास्त झाला. सरपणाच्या राशीपुढची जागा आणि बाहेरच्या नळाच्या झडपेपर्यंतची वाट त्याने झटपट निघाली. ही वाट तातडीची होती, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळीत पाणी राहिले तर ती फुटू शकते. भिंतीतून बाहेर येणाऱ्या धुराच्या नळीचे तोंड मात्र हातानेच मोकळे करावे. ते बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठण्याचा धोका असतो आणि पोलादी कडेचा धक्का लागून नळी निखळली तरी धोका तोच. पानांसह वाकलेल्या फांद्यांवरही हे फावडे चालवू नये. तिथे केरसुणीने खालून वर हलकेच उचलत बर्फ सोडवावा, आणि तो गोठून बसला असेल तर फांदीला हात लावू नये.

रात्रीतून पारा उतरला आणि पायऱ्यांवरच्या पाऊलखुणा कडक झाल्या, तेव्हा रविवारी सकाळी त्याच पोलादी पट्टीचे मोल कळले. नुसत्या प्लॅस्टिकच्या पात्याने हा थर निघाला नसता. इथे मात्र पाते तिरपे धरून दाब दिला की बर्फाच्या चकत्या सुटून येत होत्या. त्यानंतर पायऱ्यांवर मी मिठाऐवजी वाळू टाकली, कारण मिठाने झाडांच्या मुळांना इजा होते.

दांडा आणि पाते दोन दिवसांच्या ओढाताणीनंतरही जसेच्या तसे आहेत. मूठ धरणारा स्क्रू मात्र सैल झाला आणि तो आवळायला हातमोजे काढावे लागले. घेताना मूठ दोन्ही दिशांना पिळून पाहावी. ती जराही हलत असेल, तर दुसरे फावडे मागून घ्यावे.