फ्रॉस्ट कव्हर, एका मोसमानंतर: कापड फर्स्टक्लास, नाडी बिनकामाची

मिशिगनमधलं परस. एक बुटकं पीच, एक जर्दाळू, दोन सेमी-ड्वार्फ (मध्यम उंचीची) सफरचंदं. वस्तू म्हणजे थंडीच्या रात्री फुललेल्या झाडावर घालायचं 50 जीएसएमचं (चौरस मीटरला 50 ग्रॅम वजनाचं) पांढरं नॉनवोव्हन कव्हर, बॅगेसारखं शिवलेलं, बाजूला चेन, खाली नाडी. बाकी मापं विक्रीच्या पानावर आहेतच. कापडाबद्दल तक्रार नाही. आपल्याकडे डाळिंबवाले ज्याला क्रॉप कव्हर म्हणतात तेच, फक्त त्याहून जाड. हवा खेळते, काट्याकुट्यांत अडकूनही सहसा फाटत नाही. तक्रार नाडीची आहे आणि हा सगळा रिव्ह्यू त्या नाडीपायीच लिहितोय.

पाकिटावरच्या फोटोत बॅग झाडाच्या डोक्यावरून घालून नाडी खोडाला आवळलीय. खाली लिहिलंय, बाहेरच्यापेक्षा 8 अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त ऊब. अहो, झाड म्हणजे माणूस नव्हे. त्याला अंगची ऊबच नाही, तर कोंडणार काय? दिवसा तापलेली जमीन रात्रभर उष्णता सोडते. ती निसटू न देणं एवढंच या कापडाचं काम. नाडी खोडाला आवळली की फुलं आत आणि जमीन बाहेर! फुलांच्या उंचीवर एक सेन्सर आत, एक बाहेर, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला. फरक जेमतेम 2 अंश.

2 काय आणि 5 काय (5 चा आकडा पुढे येतोच), असं वाटत असेल तर हे आकडे बघा. पूर्ण फुललेल्या सफरचंदाने 28 अंशांत (उणे 2.2 सेल्सिअस) अर्धा तास काढला की साधारण 10 टक्के फुलं जातात. 25 अंशांत 90 टक्के. पीचचे तेच आकडे 27 आणि 24. म्हणजे सगळा खेळ तीन अंशांचा. याउलट कळीचं टोक नुकतंच हिरवं दिसत असेल तर सफरचंद 18 पर्यंत तग धरतं, तेव्हा कव्हर कपाटातून काढूसुद्धा नका. 2012 मध्ये इथे मार्चमध्येच उन्हाळ्यासारखं तापलं, झाडं लवकर फुलली आणि एप्रिलच्या थंडीत राज्यातलं जवळपास 90 टक्के सफरचंद गेलं. थंडी फार कडक होती असं नव्हे, फुलं तिच्या आधी आली होती.

कस्टमर केअरला आत-बाहेरच्या तापमानाचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "नाडी आणखी घट्ट बांधा." सोबत पाकिटावरचाच फोटो. पैसे परत मागितले तर माल वापरलेला आहे म्हणे! न वापरता कसं कळणार होतं? वर पुढच्या खरेदीवर कूपन. इथवर माझ्या लेखी पाचपैकी एक तारा.

मग नाडी उपसून टाकली, बॅगेचं तोंड पूर्ण मोकळं केलं आणि खाली रोलच्या कापडाची झालर शिवली. जमिनीवर चारी बाजूंनी वीतभर लोळेल इतकी. कडा विटांनी दाबल्या, कुठे फट नाही. त्याच कापडात, तशाच रात्री फरक 5 अंशांच्या आसपास गेला. म्हणून तारे तीन.

यातला काही वाटा जमिनीचा आहे, तोही सांगतो. फुलोऱ्याच्या दिवसांत बुंध्याभोवतीचं लाकडी चुऱ्याचं आच्छादन बाजूला ओढा. ते जमिनीला दिवसा तापू देत नाही आणि रात्री तिची ऊब वर येऊ देत नाही. गवत बारीक कापा. माती कोरडी असेल तर थंडीच्या एक-दोन दिवस आधी फूटभर खोल भिजेल असं पाणी द्या. ओली, उघडी माती जास्त उष्णता साठवते. कव्हर ऊन उतरायच्या आत घाला. अंधारात घातलं तर साठवायला उरतं काय?

कव्हरचा दुसरा दोष, कापड ज्या फुलांना टेकतं ती फुलं तरीही जळतात. पीचच्या चार बाजूंना सळईचे तुकडे ठोकून त्यांवर साडेसहा फुटी अर्धा इंची पीव्हीसी पाइप बसवले. पाइपांच्या वरच्या टोकांना फाटके मोजे, नाहीतर कापडाला भोक पडतं. झाड मोठं असेल तर आत जुन्या पद्धतीची, तापणाऱ्या सी-नाइन (ख्रिसमसच्या मोठ्या) बल्बांची माळ सोडता येते. 7 वॅटचे 25 बल्ब म्हणजे 175 वॅट. एलईडीची माळ नको, ती फारशी तापत नाही, नुसती शोभेची. बल्ब कापडाला टेकू देऊ नका, कापड पॉलिप्रॉपिलीनचं आहे, वितळतं. वायर बाहेर वापरायचीच हवी आणि प्लग जीएफसीआय (वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या) सॉकेटमध्ये.

वाऱ्याच्या थंडीत मात्र कव्हरचा भरवसा नको. वारा आतली ऊब ओढून नेतो, शिवाय फडफडणारं कापड फुलं झोडपतं ते वेगळंच. निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तसा धूर करून पाहू असं कुणी सुचवेल. उपयोग असतो तो आगीच्या उष्णतेचा. जमिनीतून वर जाणारी उष्णता धूर अडवत नाही.

सकाळी पारा 32 फॅरनहाइटच्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, वर गेला की कव्हर पूर्ण काढा. नुसती चेन उघडून भागत नाही, मधमाश्या आत शिरत नाहीत. दवाने ओलं झालेलं कापड तसंच घडी घालू नका, आणि पाऊस पडून गेल्यावर थंडी येणार असेल तर कोरडं कापडच घाला. ओलं कापड गोठलं की त्याच्या वजनाने कोवळ्या फांद्या वाकतात.

फुलं वाचली का हे पाकळ्यांवरून ठरवू नका. दुपारी काही फुलं ब्लेडने उभी चिरा. मधला स्त्रीकेसर हिरवट असेल तर फूल जिवंत, काळा पडला असेल तर गेलं. सफरचंदाच्या घोसात मधलं फूल आधी उमलतं आणि तेच आधी मरतं. पण एवढ्याने रडायला नको, भरलेल्या झाडावर दहातलं एक फूल टिकलं तरी फळं पुरतात.

ऑक्टोबरमधली भर: उरलेला तुकडा कढीपत्त्याच्या कुंडीवर घालतोय, कुंडी घरात घेईपर्यंत. त्याबद्दल अर्धा तारा आणखी, एकूण साडेतीन.

नवीन घेणाऱ्याने बॅग घेऊच नये. 10 बाय 50 फुटांचा रोल घ्या. 22 फुटांचे दोन तुकडे कापा, 6 इंच एकावर एक ठेवून लांब टाक्याने जोडा. सहा फुटी पीचला वरून जमिनीपर्यंत पुरतं. बॅगेची हौसच असेल तर कुंडीतल्या लिंबासाठी घ्या. तिथे नाडी कुंडीच्या खालून ओढता येते, म्हणजे माती निदान आत राहते.