जुन्या ट्रॅक्टरला तयार कूलंट की कॉन्सन्ट्रेट?

वसई-विरारच्या हवेत पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला? गंज रोखायला, आणि पाणी लवकर उकळू नये म्हणून.

तयार कूलंटमध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं; कॉन्सन्ट्रेटमध्ये ते आपण मिसळायचं. पैशाचं म्हणाल तर कॉन्सन्ट्रेट बहुधा स्वस्त पडतं. 10 लिटरच्या सिस्टिमला साडेतीन लिटर कॉन्सन्ट्रेट, बाकी डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी मात्र नको; क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. तयार कूलंटला ही मोजामोज नाही.

खरी मेख फ्लशिंगनंतर (सिस्टिम पाण्याने धुऊन काढल्यावर) कळते. रेडिएटर रिकामा झाला तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये पाणी उरतं, कारण ब्लॉकचा ड्रेन बऱ्याचदा गाळाने बुजलेला असतो (प्लग काढून तारेने टोचा). त्यावर तयार कूलंट ओतलं की ते पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट आधी पूर्ण मापाने ओता, मग डिस्टिल्ड वॉटरने लेव्हल भरा. प्रमाण आपोआप जमतं. पुढे कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडला, वरचा होज तापला की हवा निघते, लेव्हल खाली येते, तेवढं भरा.

कूलंटच्या रंगावर जाऊ नका, डब्यावर लिहिलेला कूलंटचा प्रकार वाचा.

इंजिन खोलून कोरडं बांधलं असेल किंवा अधूनमधून टॉप-अपच करायचा असेल, तर तयार घ्या. जुन्या सिस्टिमचं फ्लशिंग करणार असाल, तर कॉन्सन्ट्रेटच.