स्वतःची भट्टी की बाजारातली काच?

कॅमेऱ्याची भिंगे बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या काच स्वतः वितळवत नाहीत. शॉट, ओहारा, होया यांसारख्या काचनिर्मात्यांच्या सूचीतून ती निवडतात आणि घासणे, चकाकी आणणे, लेपन ही कामे आपल्याकडे करतात. सिग्मा याच पंथाची. निकॉनने मात्र १९१७ मध्ये स्थापना झाल्यावर लगेचच, १९१८ पासून, काचेचे संशोधन हाती घेतले आणि आज हिकारी ग्लास ही तिची उपकंपनी अकिता प्रांतात काच बनवते.

स्वतःच्या भट्टीचा खरा फायदा असा की भिंगाचा आराखडा करणारा आणि काच वितळवणारा एकमेकांशी बोलून, सूचीत नसलेला वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) किंवा अपस्करण (रंग किती विखुरतात ते) असलेली काच घडवू शकतात. पण प्लॅटिनमच्या मुशीत वितळवलेली काच अत्यंत सावकाश थंड करावी लागते, नाहीतर तिच्यात ताण राहतो, आणि वक्रीभवनांक चौथ्या-पाचव्या दशांशापर्यंत सांभाळावा लागतो. एवढा खटाटोप थोड्या भिंगांसाठी परवडत नाही.

विकतच्या काचेचा पर्याय कमअस्सल मुळीच नाही. १.५१६८ वक्रीभवनांकाच्या बीके७ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचेला जवळजवळ तुल्य असलेली काच अनेक निर्मात्यांकडे मिळते, म्हणजे एका पुरवठादारावर विसंबावे लागत नाही. माझ्या मते छायाचित्रकाराने भट्टीची मालकी पाहून भिंग निवडू नये. कॅननचे उदाहरण तर दोहोंच्या मधले आहे: ती कंपनी कॅनन ऑप्ट्रॉन या आपल्या उपकंपनीत भिंगांसाठी फ्लोराइट वाढवते, पण फ्लोराइट काच नव्हे, स्फटिक आहे.