टू-पीस ब्रेक डिस्क : अख्खा पावसाळा आणि बरेच घाट झाल्यावर

गाडीच्या जुन्या ब्रेक डिस्क काढून टू-पीस बसवल्या, म्हणजे पॅड जिथे घासतात ती बाहेरची रिंग वेगळी आणि चाकाच्या मध्यावर बसणारी टोपी वेगळी. सगळे पहिलं विचारतात, गाडी लवकर थांबते का? नाही. एकदाच कचकन ब्रेक मारला तर जुन्या डिस्कवर पण एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) लागायचंच, म्हणजे तिथे टायर कमी पडतो, डिस्क नाही. फरक कळतो तो आंबेनळी घाटात, महाबळेश्वरहून पोलादपूरला चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन उतरताना. आधी अर्ध्यातच पेडल घट्ट पण ब्रेक लागतच नाही अशी गत व्हायची, वर जळका वास. आता शेवटच्या वळणालाही पहिल्यासारखाच ब्रेक लागतो.

साइज कंपनीचाच ठेवला, मोठी डिस्क म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), रिम, पुढचा-मागचा बॅलन्स सगळंच हलवायचं.

खरी करामत आत आहे. ५० ऐवजी १०० च्या स्पीडवरून थांबलात तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते, ती आधी रिंगने पोटात घ्यायची आणि मग हवेत सोडायची. ह्या डिस्कमधल्या पात्या वाकड्या आहेत, मधून हवा ओढतात आणि कडेने फेकतात, त्यामुळे डावी-उजवी वेगळी येते. फिटिंगवाला वरचे स्लॉट (डिस्कवर कोरलेल्या खाचा) बघून बाजू ठरवत होता, म्हटलं दादा स्लॉट सोडा, आत बघा, पाती कडेकडे जाताना फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली पाहिजे. रिंग हाय-कार्बन बिडाची, त्यातल्या ग्रॅफाइटमुळे उष्णता पटकन पसरते. मधली टोपी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन्ही बॉबिनवर, म्हणजे थोडी हालचाल होऊ देणाऱ्या छोट्या जोडखुंट्यांवर, जोडलेल्या, म्हणून रिंग तापली की मोकळेपणी फुगते. एकसंध डिस्कमध्ये टोपी तिला एका बाजूने धरून ठेवते आणि रिंग तिरपी होते. वजन कमी झालं म्हणे, स्टेअरिंगवर मला तरी काही जाणवलं नाही.

भोकंवाली मुद्दाम घेतली नाही, दिसते झकास पण भोकांच्या कडेने बारीक तडे जातात.

आता कटकटी. गाडी थंड असताना सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर बॉबिन टकटक करतात, बायको दर वेळी विचारते काय सुटलंय. स्लॉटमुळे जोरात ब्रेक मारला की घरघर येते, पॅडही जरा लवकर झिजतायत. पावसात रात्रभर उभी राहिली की सकाळी तांबूस गंज, तो दोन-तीन ब्रेकमध्ये जातो, घाबरू नका.

आणि स्टेअरिंग थरथरलं की "डिस्क वाकली, लेथवर मारू" हे लगेच ऐकू नका, बऱ्याचदा पॅडचा थर डिस्कवर कमी-जास्त बसलेला असतो. म्हणून नवीन डिस्क-पॅड एकमेकांवर नीट बसवून घ्या, रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत बऱ्याच वेळा ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, मग ब्रेक न मारता गार होईपर्यंत चालवा.

ब्रेक ऑइलचं कोणी बोलतच नाही. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी धरलं की तीच हद्द १५५ वर येते, मग डिस्क कितीही भारी असू दे, पेडल खाली जाणारच. बजेट कमी असेल तर आधी ऑइल आणि चांगले पॅड बदला, डिस्क नंतर. माझी रिंग झिजली की फक्त रिंगच बदलायची, टोपी तीच, एवढ्यावर तरी हा खर्च घरी पटवता आला.