नव्या छपराचे दहा महिने (आणि एक वॉशर)

२७ ऑगस्टला, चतुर्थीच्या सकाळी, भटजी प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रांपर्यंत आले आणि वरून एक थेंब पडला. थेट निरांजनावर. चर्र. भटजींनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तबक वीतभर बाजूला सरकवून पुढचा मंत्र धरला. आई काही बोलली नाही. तिने फक्त स्वयंपाकघरातून पातेलं आणून ठेवलं.

२०२५ च्या मार्चमध्ये कौलं उतरवून पत्र्याचं छप्पर घातलं तेव्हाच लिहायला बसलो होतो, आणि नुसतं कौतुक लिहिणार होतो. राहून गेलं ते बरंच झालं.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हवाई अंतर सव्वा किलोमीटर. जांभ्याच्या भिंती, मातीत रचलेल्या. वर वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने काय केलं ते इकडच्यांना सांगायला नको. तोवर आमच्याकडे समज असा, की वादळं गुजरातला नाहीतर ओमानला जातात. त्या दुपारी आमचं दक्षिणेचं पाखं उघडं पडलं आणि पडवी रिपांसकट शेजारच्या पोफळीच्या वाडीत जाऊन बसली. पुढे महिनाभर वीज नाही आणि तालुक्यात कौल मिळेना. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते समुद्रातून वर जाता जाता आढ्यावरची कौलं घेऊन गेलं. त्यानंतर दरवर्षी ताडपत्री आणि शाकारणी मिळून अठरा-वीस हजार जायचे. २०२४ ला शाकारायला माणूसच मिळेना, तेव्हा म्हटलं एकदाच काय ते करू.

पत्रा टाकायला कोणीही येतो. मला वादळात राहील असं छप्पर हवं होतं, म्हणून आधी थोडं वाचलं. आयएस १५४९८ नावाचं भारतीय मानक आहे, २००४ चं, बुटक्या घरांना चक्रीवादळात कसं टिकवायचं यावर. वाऱ्याच्या जोराचं वेगळं, आयएस ८७५ चा तिसरा भाग. त्यात मुंबईला सेकंदाला ४४ मीटर वारा धरलाय, पणजीला ३९. आम्ही मधले, म्हणून मी ४४ धरायला सांगितलं. (२०१५ च्या आवृत्तीत वादळी किनाऱ्यासाठी जादा गुणक आला, तो पूर्व किनारा आणि गुजरातसाठी. कोकण त्यात नाही. साध्या घराला त्याने फरक पडत नाही, पण वाचून राग यायचा तो आलाच.)

४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. ढोबळ हिशेबाने दर चौरस मीटरला ११८ किलो जोर, आणि छपराच्या कडांना नि कोपऱ्यांना तो वर खेचणारा. कौलाचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास, अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं चार-पाच. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनाने काहीच धरत नाही, जे धरायचं ते स्क्रूने. हे कळलं त्या दिवसापासून मी स्क्रूच्या मागे लागलो, आणि तिथेच घात झाला.

काम असं झालं. मातीतल्या भिंतीला बोल्ट धरत नाही, म्हणून सगळ्या भिंतींच्या माथ्यावरून काँक्रीटचा बीम फिरवला, त्यातच बोल्ट ओतले. बोल्टवर लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर पर्लिन (पत्रा टेकवायच्या आडव्या लोखंडी पट्ट्या), त्यावर रंगीत पत्रा. मधल्या भागात पत्र्याच्या एक सोडून एक नळीला (उंच घडीला) स्क्रू. कडेला, आढ्याला आणि कोपऱ्यांत प्रत्येक नळीला. दोन पाखी मोडून चौपाखी केलं, कारण निसर्गमध्ये आमची त्रिकोणी भिंतच आधी पडली होती. सगळ्यात मोठं भांडण पडवीवरून झालं. जुन्या घरात आढ्यापासून पडवीपर्यंत एकच पाखं उतरायचं, दिसायलाही देखणं. पण वारा वळचणीखाली शिरला की खालून ढकलतो आणि पडवी जाताना मुख्य छपराला घेऊन जाते. म्हणून पडवी वेगळ्या खांबांवर, हातभर खाली, सुटी बांधली. गेली तर एकटी जाईल. काका म्हणाले, "घराला टोपी घालून चष्मा वेगळा लावल्यासारखं दिसतंय." दिसतं खरं.

कौलं उतरवताना फॅब्रिकेटरच्या (सांगाडा आणि पत्रा बसवणाऱ्याच्या) टीममधल्या म्हाताऱ्या सुताराने एक कौल उलटं करून दाखवलं. पोटाशी बारीक नाकासारखा उंचवटा, त्याला भोक. "ह्यात तार ओवून रिपेला बांधायचं असतं." आमच्या घरात तीन पिढ्यांनी कौलं शाकारली, एकाही कौलाला तार नव्हती.

खर्च चार लाख दहा हजार. यात बीमचे ऐंशी हजार. आणि इथे मी शहाणपणा केला. फॅब्रिकेटर म्हणाला होता, "दादा, समुद्र जवळ आहे, स्टेनलेसचे स्क्रू घ्या." साधा स्क्रू साडेतीनला, स्टेनलेसचा बाराला. सोळाशे स्क्रू, म्हणजे साडेतेरा हजारांचा फरक. बीमवर ऐंशी हजार घालणारा मी स्क्रूच्या साडेतेरा हजारांवर अडलो. म्हटलं, साधेच लाव, पण घट्ट लाव.

परीक्षा लवकर झाली. २४ मेला अरबी समुद्रातलं डिप्रेशन (कमी दाबाचं क्षेत्र) रत्नागिरी आणि दापोलीच्या मधूनच जमिनीवर चढलं आणि दुसऱ्या दिवशी मान्सून महाराष्ट्रात. मे संपायच्या आत. गावात अर्ध्या घरांची शाकारणी व्हायची होती, लोक भर वाऱ्यात ताडपत्र्या धरून पळत होते. हे निसर्गच्या मानाने काहीच नव्हतं, पण आमच्याकडे एक पत्रा हलला नाही. सांगाडा कुरकुरलाही नाही. त्या रात्री मी झोपाळ्यावर बसून पुण्याला बायकोला फोन लावला आणि छपराचं कौतुक ऐकवायला गेलो, तर तिला पावसाच्या आवाजात एक अक्षर कळेना. आवाजाचं तेवढं आहे. जोराची सर आली की घरातल्या घरात हाका माराव्या लागतात. उन्हाचा ताप म्हणाल तर माळ्यावर एप्रिलमध्ये उभं राहवत नाही, खाली ठीक. माकडांचा मात्र फायदा झाला, म्हणजे आम्हाला. कौलं उचलून बघायचा त्यांचा धंदा बसला. हल्ली येतात, घसरतात, चिडून निघून जातात.

तर मग तो थेंब. जूनमध्ये नव्हता, जुलैत नव्हता. ऑगस्टमध्ये ओटीवर, गणपतीच्या बरोबर वर, सुरू झाला. मिनिटाला एक, मुसळधार असेल तर चार. पाच दिवस मी आरती म्हणताना वर बघत होतो. फॅब्रिकेटरला फोन केला तर, "पाऊस उघडला की येतो दादा." कोकणात सप्टेंबरात हे वाक्य म्हणजे नकार. मी फोटो पाठवले, थेंबाचा व्हिडिओ पाठवला, तो अंगठा पाठवायचा. शेवटी मीही जरा जास्त बोललो. मानकाचा आकडा तोंडावर फेकला. तो म्हणाला, "आकडा बरोबर असेल दादा, पण तो आकडा पत्र्यावर चढणार आहे का?" ऑक्टोबरात 'शक्ती'चे इशारे सुरू झाले तेव्हा वादळापेक्षा मला त्या एका स्क्रूची काळजी. शक्ती पश्चिमेला निघून गेलं, थेंब राहिला.

दिवाळीच्या आधी फॅब्रिकेटर आला. मी शिडीवरून मागे चढलो. नळीवरचा स्क्रू त्याने बोटाने दाखवला. स्क्रूच्या डोक्याखाली काळ्या रबराचा वॉशर असतो, तो किंचित दाबला जायला हवा, बस. आमचा वॉशर पार चिरडून टोपीच्या कडेतून बाहेर आला होता, उन्हाने एका बाजूला तडकला होता, आणि भोवती पत्र्याला वाटीसारखा खळगा पडला होता. त्यात पाणी साचून आत. त्याने शेजारचे दहा-बारा दाखवले, सगळे तसेच. मग शांतपणे म्हणाला, "आठवतंय का, मार्चमध्ये खाली उभं राहून कोण ओरडत होतं, अजून आवळ, अजून आवळ?"

मीच होतो. चौरस मीटरला ११८ किलो डोक्यात होते ना.

तेव्हा त्याच्याबद्दल गावात जे बोललो ते मागे घेतो. वेळेवर आला नाही हे मात्र मागे घेत नाही. दीड महिना म्हणजे दीड महिना.

त्याच दिवशी दुसरंही दिसलं. समुद्राकडच्या कडेच्या स्क्रूंची डोकी तांबूस झालेली, काहींच्या खाली निळ्या पत्र्यावर गंजाचे बारीक ओघळ. पूर्वेच्या पाख्यावर काही नाही. सात महिन्यांत खाऱ्या वाऱ्याने दाखवून दिलं की साडेतेरा हजार कुठे वाचवायचे नव्हते. आता बदलायचे तर स्क्रू अधिक मजुरी अधिक शिडीवरचा दिवस. हिशेब केला, कोणाला सांगत नाही.

करा की नको विचाराल तर करा. बीम आणि बोल्ट सोडू नका, पडवी सुटी ठेवा, समुद्र जवळ असेल तर पहिल्या दिवशी स्टेनलेस घ्या. मी फेब्रुवारीत फक्त समुद्राकडचे आणि कोपऱ्यांतले साडेतीनशे बदलतोय, बाकीचे पुढच्या वर्षी. स्क्रू आणून ठेवलेत. त्या दिवशी मी खाली उभा राहणार नाही, असं आईने फॅब्रिकेटरला परस्पर कबूल केलंय.