साइन लर्न ॲप: कानाचा रिपोर्ट पक्का व्हायची वाट न बघता सुरू करा

ज्यांच्या बाळाचा ओएई, म्हणजे कानाच्या पहिल्या तपासणीचा निकाल 'रिफर' (पुढची टेस्ट करा) आलाय आणि बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट, अजून व्हायचीय त्यांनी हे नक्की वाचा. आम्ही देवगडला असतो, लेक वर्षाची होऊन गेलीय आणि सध्या आम्ही याच मधल्या टप्प्यात अडकलोय, ऐकू येतं का, किती येतं, एका कानाने की दोन्ही, काहीच पक्कं नाही. या काळात आम्ही भारतीय सांकेतिक भाषेतल्या, म्हणजे बहिऱ्यांच्या हातांच्या भाषेतल्या खुणा दाखवणारं साइन लर्न हे ॲप वापरतोय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे सांगते.

ॲप सरकारी आहे, फुकट आहे. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, 2015 साली सुरू झालेलं, त्यांची डिक्शनरी 2018 मध्ये 3000 शब्दांची होती, 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीत 10,000 झाली आणि 2022 मध्ये तीच ॲप म्हणून मोबाईलवर आली. शब्द टाकायचा की समोर माणूस हाताने करून दाखवतो, व्हिडिओ अगदी छोटा, चारदा बघितला तरी कंटाळा येत नाही. आम्ही हिंदीतून शोधतो. व्हिडिओ शेअर करता येतो हे मला सगळ्यात उपयोगी वाटलं, कारण एकटी आई शिकून काही होत नाही, बाळाशी जे जे बोलतात त्या सगळ्यांना ती खूण यायला हवी. आता सकाळी मी एक शब्द घरच्या ग्रुपवर टाकते आणि मुंबईची आत्या रात्री व्हिडिओ कॉलवर तोच करून दाखवते.

घरात सुरुवातीला विरोध होताच. सासूबाईंचं म्हणणं, "रिपोर्ट तरी येवंदे, मगे काय तां करूया," आणि दुसरी भीती, हातांची सवय लागली तर पोर बोलायचीच नाही. ही भीती खूप घरांत असते म्हणून सविस्तर लिहिते. हातांच्या भाषेमुळे बोलणं थांबतं याला काही आधार नाही. मेंदूला पहिल्या काही वर्षांत भाषा लागते, मग ती कानातून येऊदे नाहीतर डोळ्यांतून. बहिऱ्या आईवडलांची बाळं हातांनी बडबडतात, आपली बाळं बाबाबा दादादा करतात तसंच हातांनी, हे मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 1991 सालीच दाखवलंय. उद्या कानाचं मशीन लागलं, कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात ते यंत्र) करायचं ठरलं, तरी आज शिकलेलं वाया जात नाही, आणि देवाच्या दयेने बेरा नॉर्मल आली तरी बाळाचं नुकसान काहीच नाही. नुकसान होतं ते नुसतं वाट बघत बसण्यात. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्यापर्यंत असा नियम सांगतात, आपल्याकडे गावात ते महिने कसे निघून जातात ते ज्याच्या घरात चाललंय त्यालाच माहीत.

आता वापरायचं कसं. 10,000 शब्द बघून घाबरू नका, त्यात कायद्याचे, शेतीचे, डॉक्टरी असे सगळे शब्द आहेत, बाळाला त्यातले काय करायचेत. आम्ही घरातलेच घेतले, जेव, झोप, दूध, मासा, पाऊस, आजी, कुत्रा. जेवणाची खूण तर आपण एरवीही करतोच, बोटं जुळवून तोंडाकडे. बाईसाठी नाकाला बोट लावतात, चमकी घालतात तिथे, माणसासाठी मिशी. सासूबाईंना हे फार पटलं, त्यांच्या नाकात चमकी आहेच.

पण खरी गोम वेगळी आहे, ती म्हणजे बाळाची नजर. ऐकणारं मूल खेळण्याकडे बघत असतानाही आपलं बोलणं ऐकतं, खुणांचं तसं नाही, लेक ताटातल्या बांगडा माशाकडे बघत असेल तर माझे हात तिच्यासाठी नाहीतच. म्हणून आधी खांद्यावर हलकं टॅप, ती माझ्याकडे वळली की माशाची खूण, पंजा उभा धरून पोहल्यासारखा पुढे न्यायचा, मग ताटातला तुकडा दाखवायचा, मग परत खूण. घाई केली की सगळं फुकट. बसायचं उजेडाकडे तोंड करून, म्हणजे आपले हात आणि चेहरा तिला स्पष्ट दिसतो, खिडकीकडे पाठ करून बसलं की आपण नुसती काळी आकृती. पावसात लाईट गेली की मी मोबाईलचा टॉर्च स्वतःच्या हातांवर मारते. रेंज असते तेव्हाच दिवसाचे शब्द बघून पाठ करून ठेवायचे. आणि तोंडाने बोलणं बंद करायचं नाही, खूण करताना बोलायचंच. परवा तिने पेजेची वाटी बघितली आणि बोटं तोंडाला नेली, नीट जुळली नव्हती, पण विचारत होती ती!

नेटवर बाळांसाठी साइनची रंगीत कार्डं मिळतात ती घेताना बघून घ्या. बरीचशी अमेरिकन पद्धतीची असतात. त्यांची मुळाक्षरं एका हाताची, आपल्याकडची दोन हातांची, शब्दही वेगळे. पुढे बाळ इथल्याच मुलांत, इथल्याच शाळेत जाणार ना.

आणि ॲप म्हणजे तपासणी नव्हे. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लहान मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत येणाऱ्या टीमला सांगा, मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, कानाचं आणि वाचेचं सगळं तिथे बघतात. ओएई रिफर म्हणजे बहिरेपण नव्हे, कानात पाणी किंवा मळ असला तरी येतो, पण म्हणून पुढची टेस्ट टाळायची नाही.

आता तो कापलेला स्टार. ॲप शब्द देतं, खुणांनी बोलायला शिकवत नाही. आमच्या वाडीत एक बहिरे दादा आहेत, बोटीवर जातात. त्यांना मी ॲपवरचा शब्द करून दाखवला तर त्यांनी मान हलवली आणि माझ्या भुवयांकडे बोट केलं. प्रश्न विचारायचा तर चेहऱ्यावर प्रश्न हवा, आणि 'काय', 'कुठे' हे शेवटी येतं, घर तुझं कुठे, असं. हात सगळे बरोबर होते माझे, चेहरा कोराच होता. लहान मुलांच्या आईवडलांसाठी चेहऱ्यासकट पाच-सहा वाक्यांचे धडे ॲपमध्ये वेगळे काढून दिले असते तर मी डोळे झाकून पाच दिले असते.

सध्या मासेमारी बंद आहे, 31 जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यालाच, म्हणून दादा संध्याकाळी येऊन बसतात आणि लेक त्यांच्या हातांकडे जी टक लावून बघते तशी ती मोबाईलकडे अजिबात बघत नाही. ऑगस्टपासून ते समुद्रावर असतील. कणकवली, देवगड, मालवण भागात कोणी बहिरे शिक्षक किंवा ताई लहान मुलांना शिकवायला येत असतील तर खाली नक्की सांगा, आम्ही यायला तयार आहोत.